फेबरची वही आणि स्मरणाची सवय



ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आज समोर बसली आहेत. गुरुजींविषयी तुम्ही माझ्यापेक्षा अधिक सांगाल आणि अधिक खरं सांगाल. मी फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आज आपल्याला त्यांची आठवण आली म्हणून आपण जमलेलो नाही. तारीख ठरलेली होती, पत्रिका वाटल्या गेल्या, खुर्च्या मांडल्या गेल्या, फोटोला हार घातला गेला आणि मग आठवणी निघायला लागल्या. मघाशी चहाच्या वेळी व्हरांड्यात जे बोलणं रंगलं होतं, ते मी कान देऊन ऐकत होतो. तारीख ठरलेली नसती तर ते बोलणं झालंच नसतं. ख्रिस्ती अध्यात्मातल्या स्मरणाविषयी मला जे सांगायचं आहे, ते यापासून फार दूर नाही. आठवण आपणहून दाटून येईल म्हणून वाट पाहिली, तर ती क्वचित येते. आणि आली तरी बहुतेक वेळा आपल्याला सोयीची तेवढीच येते. तिला वेळ, जागा आणि नाव लावून द्यावं लागतं.

प्रभू येशूनं मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांना आपल्या आठवणीसाठी जे सोपवलं, ती हातांनी करायची कृती होती: भाकर घ्यायची, आभार मानायचे, मोडायची, वाटायची, प्याला एकमेकांना द्यायचा. ती रात्रही साधी नव्हती. वल्हांडण सणाचे दिवस होते, मिसरच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण यहुदी घराघरांत जेवणाच्या ताटावर मांडली जायची, आणि घरातलं लहान मूल विचारायचं की आजची रात्र वेगळी का. यहोशवाच्या पुस्तकातही असंच आहे. यार्देन ओलांडल्यावर लोकांनी नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणले आणि रचून ठेवले. पुढे मुलं विचारतील की हे धोंडे कसले, तेव्हा सांगता यावं म्हणून. आठवण टिकवायची तर आधी कुणाला तरी प्रश्न पडेल अशी सोय करून ठेवायची, हे त्या लोकांना नीट ठाऊक होतं.

प्रभुभोजनाचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख संत पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. ते पत्र इसवी सन ५५ च्या आसपासचं, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. आपण तो भाग ऐकताना विसरतो की पौल तिथे रागावलेला आहे. करिंथची मंडळी एकत्र जमत होती खरी. पण ज्यांची ऐपत होती ते आधीच आपलं जेवण उरकून घेत, आणि गरीब माणसं उपाशी बसत. प्रभूची आठवण काढायची आणि शेजारी बसलेल्या भावाला विसरायचं, असं तिथे चाललं होतं. पौलाच्या लेखी ती आठवणच नव्हे. हा मुद्दा मी मनात पक्का धरून पुढे जातो, कारण आज मला ज्या माणसाविषयी बोलायचं आहे, त्याचं सगळं आयुष्य या एका मुद्द्यावर उभं आहे.

त्याआधी मोनिकेविषयी चार शब्द. इसवी सन ३८७ मध्ये रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात, आफ्रिकेला परतण्याच्या वाटेवर, ती आजारी पडली. सोबत तिचे दोन मुलगे होते, ऑगस्टीन आणि नाविगियुस. आईनं परक्या मुलखात देह ठेवू नये, आपल्या मातीत मरण यावं, असं नाविगियुस म्हणाला. त्यावर तिनं डोळ्यांनीच त्याला दटावलं. देह कुठेही पुरा, त्याची चिंता नको. जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढंच मागणं तिनं मागितलं. हीच बाई एकेकाळी पतीशेजारच्या आपल्या कबरीची जागा फार जपत असे! ऑगस्टीननं हे सगळं आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये लिहून ठेवलं आणि आणखी एक गोष्ट केली: हे पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येकाला त्यानं विनवलं की वेदीपाशी माझ्या आईचं आणि वडिलांचं, मोनिका आणि पात्रिकियुस यांचं, नाव घ्या. एका बाईची शेवटची इच्छा पुस्तकाच्या वाचकांवर सोपवली गेली आणि सोळाशे वर्षं अनोळखी माणसं ती पुरी करत आली आहेत.

आता पीटर फेबर. त्याचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. त्याच्या दोन मित्रांची नावं मात्र आपल्या शाळांना, देवळांना, मुलांना दिलेली असतात: इग्नेशियस लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर. फेबर १५०६ मध्ये आल्प्सच्या कुशीतल्या सॅव्हॉय प्रांतात, विलारे नावाच्या खेड्यात जन्मला. लहानपणी मेंढरं राखायचा. शिकायचं म्हणून रडून त्यानं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आईबापांनी त्याला शाळेत धाडलं. १५२५ मध्ये तो पॅरिसला आला. सेंट बार्ब कॉलेजात त्याच्याच वयाचा झेवियर त्याच्या खोलीत राहत होता. १५२९ मध्ये त्या खोलीत वयानं बराच मोठा, लंगडणारा इग्नेशियस येऊन राहिला. फेबरनं त्याला ॲरिस्टॉटल समजावून सांगायचा, आणि इग्नेशियसनं फेबरला त्याच्या मनातल्या गोंधळातून बाहेर काढायचं, अशी देवघेव तिथे सुरू झाली. १५३४ मध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी नवस केले. येशूसंघाची ती सुरुवात. त्या दिवशीची मिस्सा फेबरनं वाहिली, कारण सातांत धर्मगुरू झालेला तो एकटाच होता.

पुढचं त्याचं आयुष्य रस्त्यावर गेलं. वर्म्स, रेगेन्सबुर्ग, श्पायर, माइन्झ, कोलोन, मग पोर्तुगाल, स्पेन. बरंचसं पायी. कुठे बस्तान बसतंय म्हणेपर्यंत पुढचा हुकूम यायचा. १५४२ च्या जूनमध्ये श्पायर इथे त्यानं एक वही लिहायला घेतली. तिला ‘मेमोरियाले’ म्हणतात, म्हणजे आठवणवहीच. तिची सुरुवात तो १०३ व्या स्तोत्रानं करतो. देवाचे उपकार विसरू नकोस असं स्वतःच्या जिवाला बजावणारं ते स्तोत्र आपल्याला पाठ आहे. मग तो बालपणापासूनचे उपकार एकेक करून मांडतो: आईबाप, पहिला शिक्षक, खोलीतले सोबती, एखादा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू. पुढे रोजच्या नोंदी येतात. कधी अर्ध्या पानाची, कधी दोन ओळींची.

ती वही मला जवळची वाटते ती तिच्यातल्या रस्त्यामुळे. फेबर लिहितो की वाटेनं डोंगर, शेतं, द्राक्षमळे दिसले, की ज्यांचे ते आहेत त्यांच्यासाठी तो प्रार्थना करायचा. ज्यांना त्या धनाबद्दल आभार मानणं सुचत नाही त्यांच्या वतीनं आभार मानायचे. ज्यांना क्षमा मागणं ठाऊक नाही त्यांच्या वतीनं क्षमा मागायची. गावाच्या वेशीत शिरताना त्या गावाच्या संतांना हाक मारायची. म्हणजे त्याचं स्मरण प्रार्थनेच्या खोलीत कोंडलेलं नव्हतं. डोळ्यांना जे दिसेल ते स्मरणाचं निमित्त. आपण वसईहून विरारकडे, नाहीतर नाशिककडे जाताना खिडकीतून किती शेतं, किती गच्च्या, वाळत घातलेले किती कपडे पाहतो. त्यांतल्या एकाही घरासाठी प्रार्थना न करता आपण घरी पोचतो.

आता त्या वहीतली सगळ्यात अवघड जागा. एका ठिकाणी फेबर आठ माणसांची यादी देतो. त्यांच्यासाठी नेमानं प्रार्थना करावी अशी प्रेरणा त्याला झाली होती. ही ती यादी: पोप, सम्राट, फ्रान्सचा राजा, इंग्लंडचा राजा, ल्यूथर, तुर्कांचा सुलतान, बुत्सर आणि मेलँक्थॉन. ते दिवस डोळ्यांपुढे आणा. सम्राट चार्ल्स आणि फ्रान्सचा फ्रान्सिस यांचं हाडवैर. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं १५३४ मध्ये रोमशी नातं तोडलेलं. सुलतान सुलेमानची फौज १५२९ मध्ये थेट व्हिएन्नाला वेढा घालून गेलेली. ल्यूथर, बुत्सर आणि मेलँक्थॉन तर फेबरच्या कामाच्या मुलखातच त्याच्या ख्रिस्तसभेचे सगळ्यात मोठे विरोधक. फेबर लिहितो की या माणसांविषयी पुष्कळ लोक कठोर न्याय करत असतात हे जाणवून त्याच्या मनात करुणा उपजली. त्या यादीत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, मित्र आणि शत्रू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे वेगळे रकाने नाहीत.

पुष्कळांना वाटतं की स्मरण म्हणजे आपल्या माणसांचं स्मरण. आई, वडील, गेलेला भाऊ, उपकारकर्ते. ते हवंच. पण मनाला मोकळं सोडलं की ते आपल्या माणसांना प्रेमानं आठवतं आणि बाकीच्यांना रागानं. शत्रूची आठवण आपल्याला येत नाही असं कुठे आहे? ती तर सगळ्यात जास्त येते. भांडण, अपमान, कुणी काय म्हटलं, कोणत्या लग्नात कुणी पाठ फिरवली, हे सगळं आपल्याला शब्दान् शब्द आठवतं. फेबरनं केलं ते इतकंच, की ज्या आठवणी तशाही येत होत्या त्यांना त्यानं प्रार्थनेत जागा दिली. ‘विसरून जा, सोडून दे’ हा आपल्याकडचा नेहमीचा सल्ला मला पुरेसा वाटत नाही. माणूस विसरत नाही. विसरल्याचं दाखवतो आणि आत धग राहते. नाव घेऊन, ठरलेल्या वेळी, त्या माणसाचं भलं मागत राहणं हे विसरण्यापेक्षा कठीण आहे आणि खरं आहे. १५४६ च्या मार्चमध्ये फेबरनं आपला सहकारी लाइनेझ याला एक पत्र लिहिलं. ल्यूथरपंथीयांशी कसं वागावं, हा त्या पत्राचा विषय होता. आधी त्यांच्यावर खरं प्रेम करा, वाद उकरून काढण्याआधी दोघांना जोडणाऱ्या गोष्टींविषयी बोला, असा त्याचा सल्ला आहे. हा सल्ला त्या यादीतून आला यात मला शंका नाही. ज्याचं नाव तुम्ही रोज देवापुढे घेता, त्याच्याशी बोलताना तुमचा आवाज चढत नाही.

फेबर हे कुठून शिकला? इग्नेशियसकडून, आणि इग्नेशियस शिकला तो फार दुःखातून. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला, आणि पुढे मान्रेसा गावात काही महिने तो एकटा राहिला. तिथे त्याची स्मरणशक्ती त्याच्यावरच उलटली. जुनी पापं पुन्हा पुन्हा आठवायची. सांगून झालेली पापं पुन्हा सांगायला तो पापनिवेदनाला जायचा. सांगितल्यावर वाटायचं की काहीतरी राहिलंच. जीव देण्याचे विचारही मनात येऊन गेले, हे त्यानं स्वतः पुढे सांगितलं आहे. अशा अवस्थेतून गेलेल्या माणसानं दिवसाच्या तपासणीची जी रीत घालून दिली, तिचा क्रम पाहा. १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत ती पाच पायऱ्यांत आहे. पहिली पायरी आभार. दिवसभरात मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानल्याशिवाय स्वतःच्या चुकांकडे वळायचंच नाही. मग देवाकडे उजेड मागायचा. त्यानंतर सकाळपासून तासातासानं दिवस तपासायचा, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. पापांच्या यादीपासून सुरुवात केली तर माणूस कुठे जाऊन पोचतो, हे त्यानं भोगलं होतं; म्हणूनच त्यानं आभारांना पहिलं स्थान दिलं असं मला वाटतं. आपल्याकडच्या धर्मशिक्षणात हा क्रम पुष्कळदा उलटा झालेला दिसतो आणि मुलांच्या मनात देवाची आठवण म्हणजे भीती, असं समीकरण बसतं. ते बदलायला हवं.

त्याच पुस्तिकेत एखाद्या विशिष्ट दोषाच्या तपासणीसाठी एक आकृती आहे. आठवड्याच्या सात दिवसांसाठी दोन-दोन रेघा: एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके रेघेवर द्यायचे. आज कालच्यापेक्षा कमी झाले का, हा आठवडा मागच्या आठवड्यापेक्षा बरा गेला का, हे नजरेनंच कळावं. आणि दोष घडला त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही ठेवता येतो, कुणाला कळतही नाही. ठिपका आणि हात, इतकी लहान ही साधनं. फेबरनं आपली आध्यात्मिक साधना पूर्ण करावी म्हणून इग्नेशियसनं घाई केली नाही. पॅरिसमध्ये सुमारे चार वर्षं त्याला फक्त रोजची तपासणी, दर आठवड्याला पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद एवढ्यावरच ठेवलं. सवय आधी, अनुभव नंतर.

त्या खोलीतला तिसरा सोबती, झेवियर, ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. फेबरनं वही उघडली त्याच्या सुमारे महिनाभर आधी. एक जण जर्मनीत, एक जण भारतात; पत्र पोचायला वर्ष, दीड वर्ष, कधी त्याहून जास्त. पुन्हा भेट होणार नाही हे दोघांनाही उमगलं असणार. १० मे १५४६ रोजी दूर पूर्वेच्या आंबोइना बेटावरून झेवियरनं युरोपातल्या बांधवांना एक पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की तुमच्या पत्रांखाली तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलेली तुमची नावं मी कापून घेतली आहेत आणि माझ्या शपथेच्या कागदासोबत ती कायम जवळ बाळगतो. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेत त्याच्या अवशेषांपुढे रांग लागते, तेव्हा मला त्या कागदाच्या कपट्यांची आठवण होते. एवढा मोठा धर्मप्रसारक, दहा वर्षांत अर्धा आशिया पालथा घालणारा. आणि त्याला हस्ताक्षर जवळ लागत होतं. निव्वळ मनातली आठवण त्याला पुरेशी वाटली नाही. ते पत्र लिहून तीन महिने होत नाहीत तोच, १ ऑगस्ट १५४६ रोजी, ट्रेंटच्या धर्मपरिषदेला निघालेला फेबर रोममध्ये वारला. वय चाळीस.

मराठी माणसाला यात काहीच परकं वाटू नये. नामस्मरण आपल्या रक्तात आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. त्याच्याही कितीतरी आधी इंग्लंडातून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये गोव्यात, रायतूरला छापलं गेलं. सुमारे ११,००० ओव्या. स्टीफन्सला कळलं होतं की इथला माणूस ऐकून, गाऊन आणि पुन्हा पुन्हा म्हणून लक्षात ठेवतो. आपल्या पूर्वजांना तारणाची कथा गळ्यात बसवून मिळाली. आज आपल्या देवळांत वाद्यं वाढली, पण ओवी म्हणता येणारे किती उरले? हे मी खंत म्हणून बोलतो, आणि ती वाजवी आहे असं मला वाटतं.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो: सवयीनं केलेली प्रार्थना यांत्रिक होते, ओठ हलतात आणि मन बाजारात असतं. आक्षेप खरा आहे. फेबरच्या वहीतही कोरडेपणाच्या, खिन्नतेच्या, चंचल मनाच्या नोंदी जागोजागी आहेत. तो काही सतत आनंदात तरंगणारा साधू नव्हता. पण त्या नोंदी वाचल्यावर ध्यानात येतं की वाईट दिवशीही त्यानं वही उघडली होती. मन नसतानाही देह हजर राहिला, आणि मन मागून आलं. कधी आलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी आलं.

आमच्या घरी संध्याकाळची रोझरी संपली तरी प्रार्थना संपायची नाही. आजी पुढे सुरू करायची: एक ‘आमच्या बापा’ आजोबांसाठी, एक आखातात कामाला गेलेल्या काकासाठी, एक गावातल्या आजाऱ्यांसाठी, एक ज्यांच्यासाठी प्रार्थना करणारं कुणी नाही त्यांच्यासाठी. आम्हा मुलांचे गुडघे दुखायचे, चुलीवरच्या कालवणाचा वास यायचा, आणि यादी लांबतच जायची. शेवटाकडे एक घर यायचं, ज्यांच्याशी बांधावरून आमचं बोलणं बंद होतं. आजी त्यांचंही नाव घ्यायची, त्याच सुरात, न थांबता. घरातली मोठी माणसं त्या ‘आमच्या बापा’ला जरा हळू उत्तर द्यायची, पण द्यायची. बांधाचा वाद मिटायला वर्षं लागली. त्या सगळ्या वर्षांत ते घर आमच्या घरात रोज संध्याकाळी नावानं उच्चारलं गेलं, आणि म्हणून त्या घरातल्या मयताला खांदा द्यायला आमच्याकडचे लोक गेले. आजीनं फेबरचं नावही ऐकलं नव्हतं.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आपली कबरस्तानं कशी असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. आदल्या दिवसापर्यंत गवत काढलेलं, कबरी धुतलेल्या, झेंडूची आणि शेवंतीची फुलं, मेणबत्त्या. क्लुनीच्या मठाधिपती ओदिलोनं दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांना हा दिवस लावून दिला, तो सगळ्या ख्रिस्तसभेनं उचलला. त्या दिवशी आपण आपापल्या कबरीपाशी उभे राहतो. मग कुणीतरी उरलेली मेणबत्ती शेजारच्या बेवारस कबरीवर लावतं. ही रीत कुणी शिकवली मला माहीत नाही, पण ती जपावी.

फेबरला पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या डिसेंबरमध्ये संत म्हणून घोषित केलं, मृत्यूनंतर ४६७ वर्षांनी. त्याच्या यादीतल्या आठ जणांचं काय झालं ते इतिहासात आहे. ल्यूथर त्याच्या आधी सहा महिने, फेब्रुवारी १५४६ मध्ये वारला. हेन्री आणि फ्रान्सिस दोघेही पुढच्याच वर्षी गेले. ख्रिस्तसभेतली फूट सांधली नाही, युद्धं थांबली नाहीत. प्रार्थनेचं फळ म्हणून दाखवता येईल असं काहीही फेबरच्या हाती लागलं नाही, आणि आपल्या हिशेबानं पाहिलं तर ती यादी वायाच गेली. मला तसं वाटत नाही. त्या शतकात ज्यांच्या नावानं एकमेकांचे गळे कापले जात होते, ती नावं एका माणसाच्या तोंडी एकत्र आली, देवापुढे आली, शिव्या न होता आली. हे घडलं, आणि कागदावर राहिलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं.

म्हणून या सभेपुढे माझी एक मागणी आहे आणि ती फादरांनाही आहे. रविवारच्या मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थना होतात, तेव्हा पोपसाठी, देशाच्या नेत्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, पावसासाठी आपण मागणं मागतो. त्यांत दर आठवड्याला एक प्रार्थना अशा माणसांसाठी घालावी, ज्यांच्याशी आपल्या गावाचं, आपल्या धर्मग्रामाचं किंवा आपल्या समाजाचं पटत नाही. मोघम ‘शत्रूंसाठी’ नव्हे, जिथे औचित्याला धरून शक्य असेल तिथे त्यांचा नावानं उल्लेख करून. आणि घरी, रात्रीच्या प्रार्थनेत, प्रत्येकानं आपली यादी करावी. आठच नावं हवीत असं नाही. कागदावर लिहावी, कारण मनातल्या यादीतून नको ती नावं गळून पडतात. पहिल्या ओळीत आईवडिलांची नावं येतील, मुलांची येतील. पाचव्या-सहाव्या ओळीला पेन थांबेल. तिथे जे नाव लिहायला हात धजत नाही, ते आजच लिहा.